बर्डची चार आवाजांची मास: "यात मुख्य चाल कुणाकडे असते?"

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही पुण्यात बारा वर्षं ख्याल शिकलात, आता नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये आहात, तिथल्या एका हौशी क्वायरने (गायकवृंदाने) तुम्हाला टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात, घेतलंय आणि नोव्हेंबरात विल्यम बर्डची चार आवाजांची मास, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठरलेल्या लॅटिन प्रार्थनांचं संगीत, गायची आहे. सूर पक्का आहे, स्टाफ नोटेशनही (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) आता बऱ्यापैकी वाचता येतं, पण सगळे एकदम सुरू झाले की गाणं नेमकं कुठंय तेच सापडत नाही, शेजारचा बेस (पुरुषांचा खालचा आवाज) गायला लागला की तुम्ही त्याच्याकडे ओढले जाता, आणि कंडक्टर दर रिहर्सलला सांगते की तुमचा आवाज फार पुढे येतोय. म्हणून विचारलंय की यात मुख्य चाल कुणाकडे असते, आणि हा बर्ड कोण, त्याचं आयुष्य माहीत असल्याने गाण्यात काही फरक पडतो का.

मी वसईची. लहानपण चर्चच्या क्वायरमध्ये गेलं, आणि गेली वीसेक वर्षं मुंबईत छोट्या क्वायर्स घेतेय, त्यात दर बॅचला दोन-तीन जण तरी शास्त्रीय शिकून आलेले असतातच. त्यामुळे तुमची तक्रार मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलीय, आणि माझं मत असं झालंय की सूर आणि वाचन दोन्ही ठीक असूनही माणूस अडतो, कारण तो एक मुख्य गायक आणि बाकी साथ अशी मांडणी शोधत असतो. ती इथे नाहीच. चारही आवाज मुख्य आहेत. आणि हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. हो, आयुष्याने फरक पडतो, बर्डच्या या मासमध्ये तर फारच पडतो, कारण ही मास मोठ्या कॅथीड्रलसाठी लिहिलेलीच नाहीये. ती एखाद्या घरातल्या खोलीत, मोजक्या माणसांनी, दार लावून गायची म्हणून लिहिलीय.

बर्डचा जन्म १५४० च्या आसपासचा. १५६३ मध्ये तो लिंकन कॅथीड्रलला ऑर्गनवादक आणि मुलांच्या क्वायरचा शिक्षक झाला, १५७२ मध्ये लंडनला चॅपल रॉयलमध्ये आला, म्हणजे थेट एलिझाबेथ राणीच्या प्रार्थनागृहातला गायक. तिथे त्याच्याबरोबर थॉमस टॅलिस होता, आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत चार राज्यकर्त्यांच्या पदरी काम केलेला म्हातारा. १५७५ मध्ये राणीने या दोघांना देशात संगीत छापायचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला, आणि त्यांनी लगेच लॅटिन मोटेट्सचा, म्हणजे धार्मिक शब्दांवरच्या अनेक आवाजांच्या रचनांचा, संग्रह काढून तो राणीलाच अर्पण केला, त्यात दोघांच्या सतरा-सतरा रचना, कारण ते तिच्या राज्याचं सतरावं वर्ष होतं. पुस्तक फारसं खपलं नाही. दोन वर्षांनी दोघांना राणीकडे अर्ज करावा लागला की आम्ही तोट्यात आलोय.

इथपर्यंत दरबारातल्या यशस्वी माणसाची गोष्ट वाटते. पण बर्ड कॅथलिक होता, आणि एलिझाबेथच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं म्हणजे काय ते आकड्यांत सांगते, कारण त्याशिवाय या मासचं वजन कळत नाही. दर रविवारी सरकारी चर्चला गेलं नाही तर दंड, आधी आठवड्याला १२ पेन्स, १५८१ च्या कायद्याने तो महिन्याला २० पौंड झाला. चॅपल रॉयलच्या गायकाचा पगार वर्षाला ३० पौंड होता, आता हिशोब करा. मिस्सा नुसती ऐकली (म्हणजे ती उपासनाच; आम्ही वसईकर मिस्सा म्हणतो, तुमच्या शीटवर मास छापलं असेल) तरी १०० मार्क, म्हणजे साधारण ६७ पौंड, दंड आणि एक वर्ष तुरुंग. १५८५ च्या कायद्याने तर परदेशात दीक्षा घेऊन आलेला धर्मगुरू देशात सापडला की तो राजद्रोह, आणि त्याला घरात आसरा देणाऱ्यालाही फाशी होऊ शकायची. एडमंड कॅम्पियन नावाच्या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) फादरला १५८१ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी हाल करून मारलं, आणि त्याच्या मृत्यूवर लिहिलेल्या एका कवितेला बर्डने चाल लावून पुढे ती छापलीसुद्धा. बर्डच्या बायकोचं, जुलियानाचं नाव चर्चला न जाणाऱ्यांच्या यादीत १५७७ पासूनच यायला लागलं होतं, पुढे त्याचंही आलं.

तरी राणीने त्याला सांभाळलं. तो तिच्या चॅपलसाठी इंग्रजी प्रार्थनासंगीत लिहीत राहिला, आणि ते काही उरकून टाकलेलं काम नव्हे, त्याची ग्रेट सर्व्हिस ऐका म्हणजे कळेल, राणीच्या दीर्घायुष्याची प्रार्थना आहे त्यालाही त्याने तितक्याच मनापासून सूर दिलेत. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर राणीसाठी इंग्रजी प्रार्थना आणि राणीच्या कायद्याने गुन्हा ठरलेलं लॅटिन संगीत, दोन्ही. काही जण म्हणतात की हे दुटप्पीपण झालं. मला तसं वाटत नाही. राणीवर निष्ठा आणि जुन्या श्रद्धेवर निष्ठा या दोन गोष्टी त्याच्यासाठी एकमेकींना छेद देत नव्हत्या, कायद्याने त्या छेदायला लावल्या.

१५८३ मध्ये फिलिप द मोंते या फ्लेमिश रचनाकाराने त्याला बॅबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडलो या स्तोत्रावरची आठ आवाजांची रचना पाठवली. पुढच्या वर्षी बर्डने त्याच स्तोत्रातली पुढची ओळ घेऊन आठ आवाजांतच उत्तर पाठवलं: परक्या देशात आम्ही प्रभूचं गाणं कसं गावं? बर्ड तर स्वतःच्याच देशात बसला होता. १५८० च्या दशकातल्या त्याच्या मोटेट्समध्ये हेच फिरून फिरून येतं, ओसाड पडलेलं जेरुसलेम, बंदिवान झालेली माणसं. शब्द सगळे बायबलचे, त्यामुळे कुणी बोट ठेवू शकत नव्हतं, पण ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं.

इथे मराठी माणसाला माहीत असावी अशी एक गोष्ट सांगते, थोडं विषयांतर झालं तरी चालेल. याच काळात इंग्लंडमधल्याच एका कॅथलिक तरुणाने देश सोडला, रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, आपल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते, १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या त्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. बर्ड आणि स्टीफन्स साधारण एकाच पिढीचे. एक जण मागे राहून घरातल्या खोलीसाठी लॅटिन मिस्सा लिहीत होता, दुसरा गोव्यातल्या सासष्टीत बसून ओवीत ख्रिस्तकथा रचत होता. तुम्ही विचारलं होतं की मी हिंदू आहे, मराठी आहे, हे माझं आहे का. मला एवढंच म्हणायचंय की त्या काळाची एक फांदी आपल्या भाषेत कधीचीच येऊन रुजलीय.

आता प्रत्यक्ष मासकडे येते. बर्डने तीन मास लिहिल्या, चार आवाजांची, तीन आवाजांची आणि पाच आवाजांची, साधारण १५९२ ते १५९५ मध्ये या क्रमाने छापल्या. तुमची ती पहिली. त्याच्याआधी तीसेक वर्षं इंग्लंडमध्ये कुणी मास लिहिण्याचं कारणच नव्हतं, कारण एलिझाबेथच्या आधीची कॅथलिक मेरी राणी १५५८ मध्ये गेल्यावर लॅटिन मिस्सा बंद झाली. पुस्तिकांना मुखपृष्ठ नाही, तारीख नाही, छापणाऱ्याचं नाव नाही, सापडल्या तर निदान छापखान्याचा माग लागू नये म्हणून. मात्र पानाच्या माथ्यावर बर्डचं नाव आहे! छापणाऱ्याला वाचवलं आणि स्वतःचं नाव ठेवलं. मला याचं दर वेळी तितकंच आश्चर्य वाटतं.

त्याच सुमाराला तो लंडन सोडून एसेक्समध्ये स्टॉन्डन मॅसी गावी राहायला गेला. तिथून जवळच इंगेटस्टोन हॉल, पीटर (Petre) घराण्याचा वाडा, तिथे गुपचूप मिस्सा व्हायच्या आणि धर्मगुरूला लपवायला भिंतीत केलेल्या जागा आजही त्या वाड्यात आहेत. तुम्ही इंग्लंडमध्येच आहात, जमलं तर एकदा जाऊन या. आणि अशा घरांत गायचं कोण, तर घरचीच माणसं. विल्यम वेस्टन नावाच्या जेझुइटने १५८६ मधल्या एका घराचं वर्णन लिहून ठेवलंय, बर्ड स्वतः तिथे हजर होता, घरात ऑर्गन होता आणि घरातल्या बायका-पुरुषांचं मिळून गायकवृंद होतं. बायका! कॅथीड्रलमध्ये तेव्हा फक्त मुलं आणि पुरुष गायचे. म्हणजे तुमच्या मिक्स्ड हौशी क्वायरने ही मास गाणं हे मूळ गाण्याच्या जवळचंच आहे.

ही माणसं गायची कशी? त्यांच्या हातात तुमच्यासारखा, सगळ्या आवाजांच्या ओळी एकाखाली एक दाखवणारा स्कोअर नव्हता. प्रत्येकाकडे फक्त स्वतःच्या ओळीची पुस्तिका. चार आवाज, चार पुस्तिका, बारलाइन्स (मात्रा विभागणाऱ्या उभ्या रेघा) नाहीत. शेजारचा काय गातोय हे पानावर दिसायचंच नाही, ते कानानेच कळून घ्यायचं. आपल्या स्कोअरवरच्या उभ्या रेघा नंतरच्या संपादकांनी आपल्या सोयीसाठी टाकल्यात.

हे मला वाचून माहीत होतं पण खरं कळलं ते चूक करून. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉलमध्ये छत्तीस जणांना घेऊन मी ही मास बसवली होती, सगळ्यांचा आवाज जोरकस, मीच सांगत होते की मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. क्रेदो हा मासचा भाग संपेपर्यंत सगळे जवळजवळ अर्धा सूर उतरलेले, आणि ऐकणाऱ्यांना एक मोठा ढग ऐकू येत होता, आत काय चाललंय ते काहीच नाही. पुढच्या वर्षी आठच जण घेतले, माझ्याच घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसवले, प्रत्येकाला फक्त त्याची ओळ झेरॉक्स करून दिली, पंखा बंद केला. पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ, जो तो अडखळतोय. मग एका अल्टोने (बायकांच्या खालच्या आवाजातली गायिका) नकळत आवाज कमी केला कारण तिला टेनरची ओळ ऐकायची होती, तिचं बघून बाकीच्यांनी केला, आणि कीरिए, म्हणजे मासचा पहिला भाग, पहिल्यांदा आरपार दिसला. दिसला असंच म्हणावं लागेल, कारण कुठली चाल कुणाकडून कुणाकडे चाललीय हे खोलीत बोटाने दाखवता येत होतं.

हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. एक आवाज चार-पाच सुरांचा छोटा तुकडा घेऊन सुरू होतो, दुसरा थोडा थांबून तोच तुकडा वरच्या किंवा खालच्या सुरावरून घेतो, मग तिसरा, मग चौथा, आणि तोवर पहिला पुढच्या शब्दांवर गेलेला असतो. मुख्य चाल अशी हातोहात फिरत राहते. तुमच्या ओळीत तो तुकडा कुठे कुठे येतो ते पेन्सिलने खूण करा. खुणेच्या जागी तुम्ही थोडं पुढे यायचं, तुकडा संपला की मागे सरायचं आणि पुढचा कोण उचलतोय ते ऐकायचं. कंडक्टर आवाज पुढे येतोय म्हणते ते बहुतेक याच कारणाने, तुम्ही सगळीकडे सारखेच पुढे राहत असाल, कारण ख्यालात गाणारा आपणच असतो.

दुसरं म्हणजे इथे मात्रा आहे पण सम नाही. समेची वाट बघू नका, ती येणार नाही. वजन लॅटिन शब्दांतून येतं. मिसेरेरे (दया कर) शब्दात जोर तिसऱ्या अक्षरावर, मि-से-रे-रे, ते अक्षर कुठल्याही बीटवर पडला तरी जोर तिथेच. म्हणून ओळ गायच्या आधी नुसते शब्द वाचा, अर्थ बघून, मोठ्याने, दहा वेळा. बर्डने स्वतः १६०५ च्या एका प्रस्तावनेत लिहिलंय की पवित्र शब्दांवर मनापासून चिंतन करत राहिलं की योग्य सूर कसे कुणास ठाऊक पण आपोआप सुचतात. माझ्या अनुभवात गाणाऱ्यालाही तेच लागू पडतं.

तिसरी गोष्ट तुम्हाला बाकीच्या टेनर्सपेक्षा लवकर कळेल. मास बसलीय जी सुरावर, जी हा तुमचा सा धरा, म्हणजे गंधार कोमल. निषाद मात्र दोन्ही येतात, वर सा कडे जाताना शुद्ध, खाली उतरताना कोमल. देस आठवला ना? फरक एवढाच की इथे एक आवाज चढत असतो त्याच वेळी दुसरा उतरत असतो, त्यामुळे दोन्ही निषाद एकामागोमाग एक, वेगवेगळ्या आवाजांत येतात आणि एकमेकांना घासतात. इंग्लिश रचनाकारांची ही जुनी आवड, आणि बर्डच्या आवे वेरूम या प्रसिद्ध छोट्या रचनेत पहिल्याच ओळीत वरच्या आवाजात शुद्ध निषाद येतो आणि लगेच बेसमध्ये कोमल. बेस चुकला असं वाटतं, पण चुकलेला नसतो. तुम्ही बेसकडे ओढले जाता ते मला वाटतं अशाच जागी असणार, कारण तुमचा कान तक्रार करतो की दोघांपैकी एक निषाद खोटा आहे. दोन्ही खरे आहेत, आपला धरून बसा.

आणि आता आग्नुस देई, मासचा शेवटचा भाग, माझ्या मते सगळ्या मासचा जीव तिथे आहे. देवाच्या कोकराला तीनदा हाक मारायची. पहिल्यांदा फक्त वरचे दोन आवाज गातात, तुम्ही गप्प. दुसऱ्यांदा तीन आवाज. तिसऱ्यांदा चारही, आणि या वेळी दया कर च्या जागी शब्द येतात दोना नोबिस पाचेम, आम्हाला शांती दे. इथे बर्ड जे करतो ते जवळून बघा. एक आवाज सूर धरून ठेवतो, त्याच्या खालचा सरकतो, आता दोघांत खटका उडतो, मग धरलेला सूर एक पायरी खाली उतरून मिळतो. पण तो मिळेपर्यंत दुसऱ्या दोन आवाजांत नवा खटका सुरू झालेला असतो. शांती मागतायत आणि शांती लागतेय न लागतेय तोच पुन्हा ताण, असं ओळीमागून ओळ. ज्या खोलीत पायऱ्यांवर पाय वाजले की गाणं थांबवावं लागत असेल त्या खोलीत हे शब्द कसे ऐकू आले असतील याचा विचार मी दर वेळी करते. गाताना नियम सोपा आहे: धरलेला सूर तुमचा असेल तर खटका उडेल तिथे घाबरून सोडायचा नाही, किंचित भरायचा, आणि उतरताना हलकं व्हायचं. मींड नको, सरळ पायरी. खटका उडवणारा सरकता आवाज तुमचा असेल तर फक्त वेळेवर सरका.

अगदी शेवटी, इतका वेळ कोमल गंधार ऐकल्यावर, चारही आवाज मिळून थांबतात त्या शेवटच्या स्वरमेळात (कॉर्डमध्ये) शुद्ध गंधार लागतो. तो तुमच्या वाट्याला आला तर पियानोवरचा गंधार विसरा, तो चढा असतो. तानपुरा जुळला की जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो तो लावा. क्वायरमध्ये हे वर्षं घालवून शिकवावं लागतं, तुम्ही ते घेऊनच आला आहात.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. क्वायर चाळीस जणांचं असेल आणि जागा दगडी, मोठा घुमारा असलेली, तर कंडक्टर लय संथ घेईल, शब्द जास्त तोडून म्हणायला लावेल, तिथे माझं खोलीवालं सगळं जसंच्या तसं चालणार नाही, तिचं ऐका. उच्चार पाचेम की पासेम, तेही तिचंच, बर्डच्या काळात इंग्लंडमध्ये स होता, आज बहुतेक क्वायर्स इटालियन पद्धतीने च म्हणतात. पण रिहर्सलच्या बाहेर क्वायरमधले तीन जण गाठा, आवाजागणिक एक, आणि कुणाच्या तरी घरी टेबलाभोवती फक्त आपापल्या ओळी घेऊन आग्नुस गाऊन बघा. तुमची ओळ हाताने कोऱ्या कागदावर उतरवून काढलीत, बारलाइन्स न टाकता, तर अजून चांगलं, मी सगळ्यांना हे करायला लावते. रेकॉर्डिंग ऐकायचं तर आवाजामागे एकेकच गायक असलेलं शोधा. आणि थेट मासवर न जाता आधी आवे वेरूम ऐका, चारेक मिनिटांचं आहे, चारच आवाज, तिथे ओळी वेगळ्या करायला कान लवकर शिकतो.

बर्ड पुढे बराच जगला. १६०५ आणि १६०७ मध्ये त्याने वर्षभरातल्या सणांच्या मिस्सांसाठी ग्रादुआलिया या संग्रहाचे दोन भाग छापले, आणि पहिला भाग जवळ सापडला म्हणून एका माणसाला लंडनमध्ये अटक झाली. गाण्याची वही जवळ बाळगली म्हणून तुरुंग! बर्ड ४ जुलै १६२३ ला गेला, आणि ज्या चॅपल रॉयलच्या वहीत त्याच्या मृत्यूची नोंद झाली तिथे त्याला संगीताचा पिता असं लिहिलंय.

तुमच्या शीटवर मास कुठल्या सुरात छापलीय ते बघून कळवा. बरेच संपादक ती मूळ जी वरून हलवतात, मग टेनरला काही ठिकाणी फार वर चढावं लागतं किंवा फार खाली जावं लागतं, आणि तसं असेल तर कुठल्या जागी श्वास घ्यायचा ते वेगळं सांगावं लागेल.